मैदानासमोरचे जुने घर आणि अकरा महिन्यांचा करार

काळेवाडी, रहाटणी, थेरगाव या पट्ट्यात भाड्याने घर शोधणाऱ्याला एक गोष्ट गृहीत धरावी लागते. करार अकरा महिन्यांचा असेल, अनामत रक्कम आधी द्यावी लागेल आणि मुदत संपली की नवा करार किंवा नवे घर यांपैकी एक निवडावे लागेल. चाकण किंवा भोसरीच्या कारखान्यातील कामगार असो वा हिंजवडीतील संगणक अभियंता, हा नियम सर्वांना सारखाच. या अकरा महिन्यांचे मूळ मात्र पिंपरी-चिंचवडच्या इतिहासात सापडत नाही. ते शोधण्यासाठी मुंबईत, दुसऱ्या महायुद्धापूर्वी मैदानांच्या कडेने उभ्या राहिलेल्या भाड्याच्या इमारतींपर्यंत जावे लागते.

पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ मध्ये आला, नगरपालिका १९७० मध्ये स्थापन झाली आणि महापालिका १९८२ मध्ये. त्यामुळे युद्धपूर्व काळातील सदनिका या परिसरात असण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. पवनेकाठची काळेवाडी तेव्हा शेतीवर जगणारे लहान गाव होते. मुंबईत मात्र त्याच सुमारास 'फ्लॅट' ही नवी राहणी रुजत होती आणि हे फ्लॅट प्रामुख्याने भाड्याने देण्यासाठीच बांधले जात होते.

ओव्हल आणि शिवाजी पार्क

चर्चगेटजवळचे ओव्हल मैदान सुमारे बावीस एकरांचे आहे. त्याच्या पूर्वेला उच्च न्यायालय, मुंबई विद्यापीठ आणि १८७८ मध्ये पूर्ण झालेला राजाबाई टॉवर या व्हिक्टोरियन गॉथिक धाटणीच्या वास्तू आहेत. पश्चिमेला, समुद्र हटवून मिळवलेल्या बॅकबेच्या जमिनीवर, १९३० च्या दशकात 'आर्ट डेको' शैलीच्या इमारतींची रांग उभी राहिली. गोलाकार वळण घेतलेले सज्जे, खिडक्यांवर भुवयांसारखे पुढे आलेले छज्जे, उगवत्या सूर्याच्या किरणांची नक्षी असलेली लोखंडी जाळी आणि जहाजाची आठवण करून देणाऱ्या गोल खिडक्या ही या शैलीची ओळख. रांगेच्या उत्तर टोकाजवळचे इरॉस चित्रपटगृह १९३८ मध्ये सुरू झाले. मैदानाच्या दोन्ही बाजूंचा हा समूह, मरीन ड्राइव्हच्या इमारतींसह, युनेस्कोने २०१८ मध्ये जागतिक वारसा यादीत समाविष्ट केला. त्यात एकूण ९४ इमारती आहेत.

मराठी मध्यमवर्गाच्या अधिक परिचयाचे उदाहरण दादरच्या शिवाजी पार्कचे. हे मैदान १९२५ मध्ये 'माहीम पार्क' या नावाने खुले झाले. शिवाजी महाराजांच्या जन्माच्या त्रिशताब्दीचे औचित्य साधून १९२७ मध्ये त्याचे नामांतर झाले. सुमारे २८ एकरांच्या या मैदानाभोवती पुढील दोन दशकांत तीन-चार मजली इमारती उभ्या राहिल्या. प्रत्येक खोलीला खिडकी, सदनिकेच्या आतच स्नानगृह आणि शौचालय, समोर मोकळी हवा. चाळीतील सामायिक नळ-संडासाची सवय असलेल्या कुटुंबांसाठी हा मोठाच बदल होता. आज यातील अनेक इमारतींच्या जागी उंच मनोरे आले आहेत. ज्या टिकून आहेत, त्यांतील घर भाड्याने मिळावे, अशी इच्छा बाळगणारे कमी नाहीत.

भाडे गोठले ते युद्धामुळे

भाडेनियंत्रण हे युद्धाचे अपत्य आहे. पहिल्या महायुद्धात ब्रिटनने १९१५ मध्ये भाडेवाढीवर बंधने आणली. मुंबईत १९१८ मध्ये युद्धकालीन भाडेनिर्बंधाचा कायदा झाला. दुसऱ्या महायुद्धात निर्बंध पुन्हा आले आणि स्वातंत्र्यानंतर लगेचच त्यांना १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याचे व्यापक रूप मिळाले. फाळणीनंतरचे निर्वासित, खेड्यांतून येणारा कामगारवर्ग आणि बांधकाम साहित्याची टंचाई पाहता भाडेकरूला संरक्षण देणे त्या वेळी आवश्यकच होते.

या कायद्याने 'प्रमाण भाडे' ठरवण्यासाठी १ सप्टेंबर १९४० ही तारीख आधारभूत मानली. त्या दिवशी घर ज्या भाड्याने दिलेले असेल, तेच यापुढचे भाडे. भाडेकरू ते भरत असेल किंवा भरण्यास तयार असेल, तोवर त्याला बाहेर काढता येत नव्हते. त्याच्या मृत्यूनंतर सोबत राहणाऱ्या कुटुंबीयांकडे हा हक्क जात असे. तात्पुरता म्हणून आलेला हा कायदा पुन्हा पुन्हा मुदतवाढ मिळत अर्धशतक टिकला. ओव्हलसमोरच्या प्रशस्त फ्लॅटचे भाडेही युद्धाच्या आरंभीच्या दरांभोवतीच घुटमळत राहिले.

परिणाम दुहेरी झाला. हजारो कुटुंबे शहराच्या मध्यवर्ती भागात टिकून राहिली. शिवाजी पार्कचे मराठीपण टिकण्यामागे या कायद्याचा वाटा मोठा आहे. दुसरीकडे मालकाला दुरुस्तीत स्वारस्य उरले नाही. मिळणाऱ्या भाड्यात रंगसफेदीही होत नसेल, तर गंजलेल्या सळया कोण बदलणार? १९३० च्या दशकातील सिमेंट काँक्रीट समुद्राच्या खाऱ्या हवेत आतून पोखरत गेले. इमारती कोसळू लागल्या, तेव्हा शासनाने १९६९ मध्ये दुरुस्ती मंडळाचा कायदा करून जुन्या इमारतींवर उपकर बसवला. अशा उपकरप्राप्त इमारतींची संख्या तेव्हा १९,६४२ होती. त्यांची वर्गवारी करताना पहिला, म्हणजे 'अ' वर्ग ठरला तो १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या इमारतींचा. भाडे गोठवणारी तारीखच इमारतीचे वय मोजण्याचीही तारीख झाली.

अकरा महिन्यांचा जन्म

दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो. एकदा दिलेले घर परत मिळत नाही, हे पाहिल्यावर मालकांनी 'भाडे' हा शब्दच टाळायला सुरुवात केली. त्याऐवजी आला 'लिव्ह अँड लायसन्स', म्हणजे केवळ वापराचा परवाना. भाडेपट्ट्यात जागेतील हितसंबंध भाडेकरूकडे जातो. परवान्यात जागा वापरण्याची फक्त अनुमती मिळते. हा भेद १८८२ च्या कायद्यांतच आहे, परंतु त्याचा व्यवहारात सर्रास उपयोग भाडेनियंत्रणातून सुटण्यासाठी झाला.

शासनाने १९७३ मध्ये या पळवाटेलाही बांध घातला. त्या वर्षी १ फेब्रुवारीला जे परवानाधारक म्हणून जागेत राहत होते, त्यांना कायद्याने भाडेकरू मानले गेले. त्यामुळे मालक अधिकच धास्तावले आणि अनेकांनी रिकामी घरे कुलूपबंद ठेवणे पसंत केले. पुढे १९८७ च्या दुरुस्तीने मुदत संपल्यावर परवानाधारकाकडून जागा त्वरेने परत मिळण्याची सोय केली, तेव्हा कुठे हा व्यवहार पुन्हा वाढीस लागला.

अकरा हा आकडा नोंदणी कायद्यातून आला. १९०८ च्या या कायद्यानुसार एक वर्षापेक्षा अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवणे बंधनकारक आहे. अकरा महिन्यांचा कागद केला की नोंदणी टळते, हा त्यामागचा हिशेब. महाराष्ट्रात तो हिशेब आता चुकीचा ठरला आहे, तरी आकडा सवयीने टिकला. मुंबईच्या मैदानांसमोर ज्या भीतीचा उगम झाला, तिचीच सावली काळेवाडीतील दोन खोल्यांच्या करारावर आजही आहे.

एक जिना, दोन कायदे

सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९७ मध्ये मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात, भाडे गोठवणाऱ्या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी आणि मनमानी ठरल्या आहेत, असा निर्वाळा दिला. जुना कायदा लवकरच मुदत संपून जाणार असल्याने न्यायालयाने तो रद्द केला नाही. न्याय्य कायदा करण्याचे काम विधिमंडळावर सोपवले. त्यातून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ आला आणि तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला.

या कायद्याने जुन्या भाडेकरूंचे संरक्षण कायम ठेवले, मालकाला दरवर्षी चार टक्के भाडेवाढीचा हक्क दिला आणि आजवर काळ्या व्यवहारात मोडणारी पागडी वैध केली. बँका, सार्वजनिक उपक्रम, बहुराष्ट्रीय कंपन्या आणि एक कोटी रुपये किंवा त्याहून अधिक भरणा भांडवल असलेल्या कंपन्या यांचे संरक्षण मात्र काढून घेतले.

चार टक्क्यांचा अर्थ आकड्यांत पाहता येईल. समजा, २००० मध्ये एखाद्या सदनिकेचे भाडे शंभर रुपये होते. वाढ चक्रवाढीने धरली, तरी पंचवीस वर्षांनी ते सुमारे २६६ रुपये होते. मालक दुरुस्ती करत नसेल, तर पंधरा दिवसांची नोटीस देऊन भाडेकरूने ती करून घ्यावी आणि खर्च भाड्यातून वळता करावा, अशी सोय कायद्यात आहे. परंतु वर्षभरात वळती करायची रक्कम वार्षिक भाड्याच्या एक-चतुर्थांशापेक्षा अधिक असू नये. या उदाहरणात ती होते सुमारे आठशे रुपये. तेवढ्यात एका सज्जाचेही काम होणार नाही.

आज अशा इमारतीत एकाच जिन्यावर दोन प्रकारचे रहिवासी भेटतात. एक पागडीचा भाडेकरू. नाममात्र भाडे भरणारा आणि सहजी न हलवता येणारा. दुसरा परवानाधारक, बाजारभावाने शुल्क देणारा आणि मुदत संपताच निघावे लागणारा. दोघांच्या खिडकीतून दिसणारे मैदान एकच असते, कायदेशीर स्थान मात्र सर्वस्वी भिन्न असते.

हा प्रकार केवळ मुंबईचा नाही. न्यूयॉर्कमध्ये सेंट्रल पार्कभोवतालच्या युद्धपूर्व इमारतींना आजही मान आहे आणि तेथेही भाडेनियंत्रण युद्धकाळातच रुजले. तेथील मूळ नियंत्रण आता १९४७ पूर्वीच्या इमारतींत १९७१ पूर्वीपासून सलग राहणाऱ्या कुटुंबांपुरते उरले आहे. १९७४ पूर्वीच्या बहुसंख्य मोठ्या इमारतींसाठी मर्यादित भाडेवाढीची दुसरी व्यवस्था आहे. न्यूयॉर्कने जुने नियंत्रण आणि मोकळा बाजार यांच्यामध्ये एक पायरी ठेवली. महाराष्ट्रात पागडी आणि परवाना यांच्यामध्ये अशी पायरी नाही.

घर देणारा कोण?

जुन्या इमारतीत घर घेणाऱ्याने सर्वप्रथम विचारायचा प्रश्न भाड्याचा नाही. घर देणाऱ्याला ते देण्याचा अधिकार आहे काय, हा तो प्रश्न आहे. घर दाखवणारी व्यक्ती इमारतीची मालक नसून पागडीची भाडेकरू असण्याची शक्यता असते. करारात मुभा नसताना भाडेकरूने जागा दुसऱ्यास दिली, तर मूळ मालक त्याच कारणावरून त्याच्याविरुद्ध निष्कासनाचा दावा लावू शकतो. अशा वेळी नव्या रहिवाशाची अनामत आणि निवारा ही दोन्ही धोक्यात येतात. म्हणून मालमत्ता पत्रक, सोसायटीचे भागपत्र किंवा भाडेपावती यांपैकी काय आहे ते पाहावे आणि पागडीची जागा असेल, तर मूळ मालकाची लेखी संमती मागावी.

पागडी देऊन स्वतःच भाडेकरू होण्याचा पर्यायही असतो. त्यात मोठी रक्कम एकदम द्यावी लागते आणि हस्तांतराच्या वेळी मूळ मालकाने साधारण एक-तृतीयांश हिस्सा घेण्याची प्रथा आहे. मात्र पागडी दिल्याने मालकी मिळत नाही. योग्य कारणाशिवाय सलग सहा महिने जागा वापरली नाही किंवा लेखी संमतीविना पक्के बांधकाम केले, तर ती जागा परत घेण्यास मालकाला आधार मिळतो.

दुसरा प्रश्न इमारतीच्या प्रकृतीचा. मुंबईत तीस वर्षांहून जुन्या इमारतीची संरचनात्मक तपासणी करून घेणे महापालिका कायद्यानुसार आवश्यक आहे. तिचा अहवाल मागण्यात संकोच बाळगू नये. छताच्या गिलाव्यावरील तडे, सज्जाखाली उघडी पडलेली सळई आणि भिंतीला दिलेले टेकू हे ताज्या रंगापेक्षा अधिक खरे सांगतात. पुनर्विकासाचा प्रस्ताव कोणत्या टप्प्यावर आहे, हेही विचारावे. नव्या इमारतीत हक्काचे घर भाडेकरूला किंवा सदस्याला मिळते. परवानाधारकाला त्यात काहीही मिळत नाही.

तिसरी बाब वारशाची. मुंबईत १९९५ पासून वारसा नियमावली लागू असून तिच्यात वास्तूंच्या तीन श्रेणी आहेत. श्रेणीबद्ध इमारतीत खिडकीची चौकट बदलणे, सज्जा बंदिस्त करणे किंवा दर्शनी भिंतीवर वातानुकूलन यंत्र टांगणे हे रहिवाशाच्या मर्जीवर सोडलेले नसते. घर घेण्यापूर्वी या मर्यादा समजून घेतल्यास पुढील वाद टळतात.

उरतो मैदानाच्या दृश्याचा प्रश्न. वर्षानुवर्षे मिळणाऱ्या उजेड-वाऱ्यावर काही अटींसह हक्क सांगता येतो, पण समोरच्या देखाव्यावर कायदा असा हक्क मानत नाही. समोरची जागा सार्वजनिक मैदान म्हणून राखीव राहते, तोवरच ते दृश्य टिकते. मैदानासोबत त्याचे कष्टही येतात. शिवाजी पार्कच्या लाल मातीची धूळ घरोघरी पोहोचते. सभांच्या गोंगाटाचा प्रश्न न्यायालयात गेला आणि २०१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हा परिसर शांतता क्षेत्र मानला. घर पाहायला जाताना रविवारी सकाळी एकदा आणि कामाच्या दिवशी रात्री एकदा जावे, म्हणजे दोन्ही बाजू कळतात.

काळेवाडीतही हाच कागद

१९९९ च्या कायद्याचे कलम ५५ काळेवाडीच्या रहिवाशानेही लक्षात ठेवावे असे आहे. त्यानुसार भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार, मुदत कितीही असो, लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे. नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. त्याने ती टाळली, तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही होऊ शकतात. शिवाय वाद उद्भवल्यास, उलट सिद्ध होईपर्यंत, अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य मानले जाते. मुद्रांकावर केलेला नोटरीचा कागद नोंदणीची जागा घेऊ शकत नाही.

खर्चही फार नाही. साठ महिन्यांपर्यंतच्या परवाना कराराला एकूण शुल्क आणि परत करायच्या अनामतीवर वार्षिक दहा टक्क्यांनी धरलेले काल्पनिक व्याज, यांच्या बेरजेवर पाव टक्का मुद्रांक शुल्क लागते. समजा, मासिक शुल्क वीस हजार, मुदत अकरा महिने आणि अनामत साठ हजार आहे. बेरीज होते २,२५,५०० रुपये आणि मुद्रांक सहाशे रुपयांच्या आसपास. महापालिका क्षेत्रात नोंदणी फी एक हजार रुपये. ही नोंदणी घरबसल्या ऑनलाइनही करता येते. अकरा महिन्यांचेच बंधन नसल्याने, मुलांच्या शाळेचा विचार करून दोन-तीन वर्षांचा करार मागणे हे भाडेकरूच्या दृष्टीने अधिक शहाणपणाचे आहे.

नोंदणीला दुसरी बाजूही आहे. लेखी परवाना करारात जे नमूद असते, ते कायद्याने निर्णायक पुरावा मानले जाते. मुदत संपूनही जागा न सोडल्यास मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊ शकतो आणि रहिवाशाला दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. म्हणून दलालाने पुढे केलेला मसुदा स्वाक्षरीपूर्वी पूर्ण वाचावा. अनामत किती दिवसांत परत मिळेल, रंगरंगोटीची कपात किती, मुदतीपूर्वी घर सोडल्यास काय आणि मोठी दुरुस्ती कोणाकडे, हे त्यात स्पष्ट असावे. अनामतीवर राज्यात कमाल मर्यादा नाही. केंद्राने २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरार कायद्यात निवासी जागेसाठी ती दोन महिन्यांच्या भाड्याइतकी ठेवली आहे. परंतु राज्याने स्वीकारल्याखेरीज तो लागू होत नाही. भाडेकरूची माहिती पोलिसांना देण्याचे कामही मालकाने वेळेत करणे अपेक्षित आहे.

भाडेकरूला पूर्ण संरक्षण दिले, तेव्हा मालकाने इमारतीकडे पाठ फिरवली. मालकाला पूर्ण मोकळीक दिली, तेव्हा भाडेकरूचे बिऱ्हाड दर अकरा महिन्यांनी पाठीवर आले. ओव्हलसमोरची घरे पहिल्या धोरणाचा परिणाम दाखवतात, तर काळेवाडीतील घरे दुसऱ्याचा. मालकाला दुरुस्ती परवडेल असे भाडे आणि भाडेकरूला काही वर्षांची निश्चिंती, या दोन्ही गोष्टी एकाच करारात बसवणारी व्यवस्था महाराष्ट्रात अद्याप आकारास यायची आहे. तोवर नोंदवलेला आणि नीट वाचलेला कागद हाच रहिवाशाचा खरा आधार होय.